मामाच्या धाकट्यासाठी, मलावीहून

ती. आई-बाबांना
साष्टांग नमस्कार.

बाबा, मामाच्या धाकट्यालाही इंटर्नशिपनंतर मिशनच्या दवाखान्यात शिकायला यायचं आहे हे वाचून फार बरं वाटलं. त्याने जरूर यावं, पण वॉर्डाची तयारी करून यावं, नुसत्या हौसेने नको. म्हणून सविस्तर लिहिते. तुमचा जन्म इंदूरच्या दवाबाजारात गेला, तेव्हा मापं त्याला तुम्हीच नीट समजवाल.

आईला धर्माची काळजी वाटते. आई, सकाळी कर्मचाऱ्यांची प्रार्थना असते, चिचेवा भाषेत गाणी होतात आणि लगेच रात्रपाळीचा अहवाल. उपचार देताना कुणाला धर्म विचारत नाहीत. मिरजेला वानलेस डॉक्टरांनी 1894 मध्ये सुरू केलेलं हॉस्पिटल तुला माहीत आहेच, त्यातलाच हा प्रकार. मलावीत असे दवाखाने आरोग्यव्यवस्थेचा मोठा भाग आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच कर्मचाऱ्यांचे पगार सरकार देतं. मात्र काही मिशन संस्था फक्त ख्रिस्ती विद्यार्थीच घेतात, अर्जात श्रद्धेविषयी लिहून मागतात. तिथे खरं तेच लिहावं. जिथे ती अट नाही तिथे अर्ज करावा.

आता वॉर्ड. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाळा, आणि याच दिवसांत मुलांचा वॉर्ड मलेरियाने भरतो. लोक त्याला मलुंगो म्हणतात. जवळजवळ सगळा फॅल्सिपॅरम जातीचा, म्हणजे मेंदूपर्यंत जाणारा. झटके येत असलेलं किंवा बेशुद्ध मूल आलं की आधी रक्तातली साखर बघायची. इथे यंत्र लिटरमागे मिलिमोलमध्ये आकडा दाखवतं. त्याला 18 ने गुणलं की आपला, डेसिलिटरमागे मिलिग्रॅमचा, आकडा मिळतो: 3 म्हणजे 54. त्याखाली असेल तर 10 टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे 5 मिली, शिरेतून. कपाटात बहुधा 50 टक्क्यांचंच असतं, तेव्हा एक भाग ते आणि चार भाग इंजेक्शनचं निर्जंतुक पाणी. घाईत 50 टक्के तसंच दिलं तर लहान मुलाची शीर खराब होते, शिवाय साखर उसळून पुन्हा कोसळते. अर्ध्या तासाने परत मोजायची. पट्ट्या संपल्या असतील तर बेशुद्ध मुलाची साखर कमीच आहे असं धरून चालायचं.

मग आर्टेसुनेट, म्हणजे मलेरियाचं इंजेक्शन. मुलाला ताजव्यावर ठेवूनच वजन घ्यायचं, अंदाजाने नाही. 20 किलोच्या खाली किलोमागे 3 मिलिग्रॅम, त्यावर 2.4. कुपीत 60 मिलिग्रॅम पूड असते. तिच्यात आधी सोबतचं 1 मिली सोडियम बायकार्बोनेट घालून द्रावण पारदर्शक होईपर्यंत हलवायचं. गढूळ राहिलं तर टाकून द्यायचं. शिरेतून द्यायचं असेल तर वर 5 मिली सलाईन, म्हणजे मिलीमागे 10 मिलिग्रॅम. स्नायूत द्यायचं तर 2 मिली, म्हणजे मिलीमागे 20. दहा किलोच्या मुलाला 30 मिलिग्रॅम लागतं: शिरेतून 3 मिली, मांडीत दीड. हे दोन हिशेब एकमेकांत मिसळले की मात्रा दुप्पट किंवा निम्मी होते, म्हणून सिरिंजवर चिठ्ठी लावल्याशिवाय ती हातातून खाली ठेवायची नाही. कालवलेलं औषध तासाभरात वापरायचं. पुढचे डोस पहिल्यापासून 12 आणि 24 तासांनी. मूल दुसऱ्या दिवशी उठून बसलं तरी हे तीन डोस पूर्ण व्हायलाच हवेत, आणि गिळता यायला लागल्यावर गोळ्यांचा तीन दिवसांचा कोर्सही. 2010 च्या मोठ्या आफ्रिकी चाचणीत क्विनाइनपेक्षा आर्टेसुनेटने कमी मुलं दगावली, तेव्हापासून मुलांसाठीही हेच पहिलं औषध आहे.

धाकट्याला एक गोष्ट मुद्दाम सांगा. हातपाय गार लागले की भराभर सलाईन सोडायची सवय इथे चालत नाही. केनिया, युगांडा आणि टांझानियात झालेल्या 2011 च्या अभ्यासात तापाच्या अशा मुलांना एकदम सलाईन दिल्याने मृत्यू वाढलेले दिसले. इथलं गार पडलेलं मूल अनेकदा पांढरंफटकही असतं, त्याला रक्त हवं असतं. हिमोग्लोबिन 4 च्या खाली गेलं की संपूर्ण रक्त किलोमागे 20 मिली, सावकाश. रक्त बरेचदा नातेवाइकांकडूनच मिळतं, म्हणून मूल दाखल होताच गट तपासून घ्यायचा.

घरी पाठवताना सोबतच्या माणसाला बजावून सांगायचं: एक ते तीन आठवड्यांत लघवी काळी झाली किंवा मूल पुन्हा पांढरं पडलं तर लगेच आणा. आर्टेसुनेटनंतर अशा उशिरा रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात. आणि त्या काळात ताप आला तर मलेरियाच्या पट्टीच्या चाचणीवर विसंबायचं नाही, ती बरं झाल्यावरही कित्येक दिवस पॉझिटिव्ह येते. काचेवरचा रक्ताचा थेंबच सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा.

हे बजावणं मला औषधाइतकंच मोलाचं वाटतं, कारण इथे पेशंटची सेवा नातेवाईकच करतात. प्रत्येकाबरोबर एक माणूस राहतो, आवारात चूल मांडून मक्याच्या पिठाचा न्सिमा शिजवतो, कपडे धुतो. मुलाचा श्वास बदललेला पहिल्यांदा त्यालाच कळतो. म्हणून चिचेवाची चार वाक्यं तरी शिकून यावं.

आई, तब्येतीचं म्हणशील तर मच्छरदाणी आणि डॉक्सिसायक्लिन रोज 100 मिलिग्रॅम, परतल्यावरही चार आठवडे. गोळी भरपूर पाण्याबरोबर घ्यायची आणि लगेच आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिका सोलवटते. सुई टोचली तर साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, आणि एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्य तितक्या लवकर, 72 तासांच्या आतच सुरू करून 28 दिवस घ्यायची.

बाबा, येताना त्याच्याबरोबर डोक्याला बांधायचा दिवा (वीज वरचेवर जाते), एन-95 मास्क आणि स्वतःचा पल्स ऑक्सिमीटर द्या. औषधांची खोकी देऊ नका, परवान्याशिवाय ती कस्टममध्ये अडकतात. विमान बहुधा इथिओपिया किंवा केनियामार्गे येतं आणि दोन्ही देश पीतज्वराचे. त्या तापाची लस सरकारमान्य केंद्रातच मिळते आणि तिचा दाखला टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतो. हिपॅटायटिस बीच्या तीन मात्रांना मात्र सहा महिने लागतात. त्याच्या झाल्या नसतील तर पहिली याच आठवड्यात घ्यायला सांगा.

तुमची,
ताई