आईच्या ठिपक्यांसाठी

प्रिय आई-बाबा,

बाबा फोनवर म्हणाले, दिवेलागणीला आईला अजूनही धडधडतं, हात गार पडतात आणि ती घरभर येरझाऱ्या घालते. डॉक्टरांच्या गोळ्या चालूच ठेवा, त्यात काही बदल नको. त्यांच्या जोडीला आयपॅड आणि ॲपल पेन्सिल प्रो पाठवतेय. २०२४ साली आलेल्या या पेन्सिलीत बारीक कंपन देणारी यंत्रणा आहे. ती वापरून मी ठिपक्यांच्या रांगोळीचं एक छोटं ॲप केलंय.

आई, गुडघ्यांमुळे तुझं अंगणात बसणं सुटलं, याची मला फार हळहळ वाटते. ही रांगोळी खुर्चीत बसून काढ. १५ ते ८ ठिपके मांडून ठेवलेत, तुझ्या वहीतलेच. रेघ ठिपक्यावर नेमकी पोचली की पेन्सिल बोटांत टिक् करते. घाईघाईत ओढलीस तर काहीच जाणवत नाही, त्यामुळे हात आपसूक संथ होतो. पाकळी पुरी जुळली की जरा वेगळा ठोका लागतो. गुण, बक्षीस, वेळेची मर्यादा यातलं काही मी मुद्दामच घातलं नाही.

तुझी काळजी कायम पुढची असते, बाबांच्या रिपोर्टची, माझ्या रात्रीच्या प्रवासाची. बोटाला लागतं ते मात्र आत्ताचं. मन तेवढा वेळ तिथे टेकलं तरी मला हवंय. अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३९ जणांना ४५ मिनिटं चित्रं, कोलाज, मातीकाम करू दिलं, तेव्हा सुमारे पंचाहत्तर टक्के लोकांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं होतं. चित्रकलेचा सराव असलेले आणि नसलेले, दोघांनाही गुण आला. कंपनाचा त्या प्रयोगाशी संबंध नव्हता, तो भाग आपण आपला करून बघायचा.

त्वचेत खोलवर कंपन टिपणारे संवेदक असतात, सेकंदाला साधारण २५० कंपनं त्यांना सगळ्यात चांगली कळतात. वयाप्रमाणे ही जाणीव मंदावते. टिक् नीट लागत नसेल तर सांग, एका ठिपक्याला दोन ठोके करून देते. आणि छातीत दुखलं किंवा दम लागला, तर रांगोळी बाजूला ठेवून सरळ डॉक्टरांकडे जायचं.

बाबा, तुम्ही शेजारी बसा, पण ‘इथे चुकलं’ म्हणू नका. पेन्सिल आयपॅडच्या कडेला चिकटवली की चार्ज होते. पार्सल गुरुवारी येईल, व्हिडिओ कॉलवर आपण मिळून सुरू करू.

तुमची लेक