कोकमाच्या त्या ग्लासाबद्दल, फादर

फादर,

परवा दारू सोडून वर्ष झालं. मीटिंगमध्ये सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तुमचे आभार मानायला उभा राहिलो आणि घसाच दाटला, म्हणून हे लिहून देतोय.

तुमच्याआधी मला सुधारायला पुष्कळ जण येऊन गेले. एका बाबाने भाजीत कालवायची पुडी दिली. तिच्यापायी बायकोने कानातलं मोडलं. एका प्रवचनकाराने भर मिस्सात 'दारुड्याच्या घरी देव राहत नाही' असं ऐकवलं, आणि माना वळल्या माझ्या बायकोकडे. पिणारा मी, मान खाली तिची! सहा महिने ती चर्चला फिरकली नाही.

"तुम्ही पीत नाही, तुम्हाला काय कळणार?" असं मी एकदा तुम्हाला फटकारलं होतं. तुम्ही रागावला नाहीत. फादर एड डाउलिंग यांची गोष्ट सांगितलीत. 1940 चा हिवाळा, न्यू यॉर्क. अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे दारू सोडू बघणाऱ्यांची आपली ही संघटना, सुरू होऊन पाच वर्षं झालेली आणि ती सुरू करणाऱ्या दोघांतला बिलच खचलेला. बाहेर गारठ्याचा पाऊस, आणि काठी टेकत एक लंगडणारा जेझुइट धर्मगुरू, हेच डाउलिंग, जिना चढून त्याच्या खोलीत आला. बिलला वाटलं, आला आणखी एक बेवडा! डाउलिंग स्वतः व्यसनी नव्हते, तरी त्या रात्री जमलेली मैत्री 1960 साली ते वारले तोवर टिकली. "मला कळत नाही, पण जिना चढता येतो," असं म्हणाला होतात.

पण मला आठवतं ते पुतण्याचं लग्न. वसईतलं आमचं लग्नघर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. सोडून जेमतेम चाळीस दिवस झालेले. टोस्टची वेळ झाली, सगळ्यांच्या हातात वाइन, आणि मी मांडवाच्या खांबाला टेकून रिकाम्या हाताने उभा. काकालोक बघून हसत होते. तेवढ्यात वाढप्या पोरगा माझ्या हातात लाल ग्लास देऊन गेला. वास घेतला तर कोकम. वर बघितलं, तर स्टेजवर तुमच्या हातातही तसाच ग्लास. टोस्ट तुम्हीच दिलात, कोकमाचा. कुणाला कळलंही नाही. माझा हात इतका थरथरला की अर्धं सरबत सदऱ्यावर सांडलं.

चारचौघांत माणसाची लाज अशी झाकणारे किती असतात हो?

रविवारी जेवायला या. बायकोने सांगितलंय, ताजे बोंबील आणणार आहे.