उरलेल्या कामाचा वेग : मित्रास पत्र

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या कारखान्यात रोबोट आणण्याचा विचार चालू आहे आणि सल्लागार समितीवर तुझी नेमणूक झाली आहे, हे वाचून आनंद झाला. "माणसांची कामे जाणार का, एवढेच सांग," असे तू लिहिले आहेस. काही जातील, हे उघड आहे. पण जे काम माणसाकडे उरेल त्याचा वेग कोण ठरवणार, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

१९६१ मध्ये न्यू जर्सीतील जनरल मोटर्सच्या कारखान्यात 'युनिमेट' हा पहिला औद्योगिक रोबोट बसवला गेला, तेव्हा साच्यातून निघालेले तापलेले धातूचे भाग उचलण्याचे धोक्याचे काम त्याच्याकडे सोपवले होते. असे काम माणसाच्या हातून सुटले याचे दुःख कोणी करू नये. वेल्डिंग आणि रंगकामातही रोबोट लवकर रुळले, कारण तिथे ठरलेली हालचाल एकसारख्या वस्तूवर पुन्हा पुन्हा करायची असते. उलट कापड हाताळताना दुमडते, सरकते, म्हणून शिवणकाम अजूनही बहुतांशी माणसेच करतात. आंतरराष्ट्रीय रोबोटिक्स महासंघाच्या गणनेनुसार २०२३ मध्ये जगभरातील कारखान्यांत सुमारे ४२ लाख ८० हजार रोबोट काम करत होते आणि त्या वर्षी नव्याने बसवलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक एकट्या चीनमध्ये होते.

रोजगारावरील परिणामाबाबत डॅरन असेमोग्लू आणि पास्कुअल रेस्त्रेपो या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील १९९० ते २००७ या काळाचा अभ्यास केला आहे. दर हजार कामगारांमागे एक रोबोट वाढला, की लोकसंख्येतील रोजगाराचे प्रमाण सुमारे ०.२ टक्केबिंदूंनी आणि वेतन ०.४२ टक्क्यांनी घटते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. आकडे किरकोळ भासतात खरे, परंतु ती देशभराची सरासरी आहे. ज्या गावाचे पोट एकाच कारखान्यावर चालते, तिथल्या माणसाला सरासरी ऐकवून काय उपयोग?

आता उरलेल्या कामाकडे ये. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा सिस्टिम्स ही कंपनी ७७.५ कोटी डॉलरना विकत घेतली. तिचे बुटके रोबोट माल ठेवलेल्या मांडणीच्या (रॅकच्या) खाली शिरून अख्खी मांडणी उचलतात आणि कामगारापुढे आणून उभी करतात. पूर्वी कामगाराला वस्तू शोधत गोदामभर चालावे लागे. ती पायपीट वाचली, पण चालताना मिळणारी उसंतही गेली, कारण एक मांडणी हलली की दुसरी पुढे हजर असते. याउलट 'दा विंची' या शस्त्रक्रियेच्या यंत्रणेत, जिला अमेरिकेत २००० मध्ये मान्यता मिळाली, शल्यविशारद नियंत्रणपटलाशी बसून स्वतःच्या हातांनी यंत्राचे बाहू चालवतो आणि तो थांबला की तेही थांबतात. दोन्हीकडे माणूस आहे आणि रोबोटही आहे. मात्र एका ठिकाणी माणूस यंत्राला चालवतो, तर दुसऱ्या ठिकाणी यंत्र माणसाला पळवते. हा फरक तंत्रज्ञानापेक्षा कोणाचा शब्द चालतो यातून येतो, असे माझे मत आहे.

रोबोटांवर कर लावण्याची कल्पना तुला भावली आहे, मला तितकीशी नाही. नेमके कोणत्या यंत्राला रोबोट म्हणायचे, या वादातच तो कर अडकून पडेल. (२०१७ मध्ये युरोपीय संसदेनेही ही सूचना फेटाळली होती.) वाढलेल्या उत्पन्नातील वाटा वेतनात किंवा कमी झालेल्या तासांत मिळावा, ही मागणी मला अधिक सरळ वाटते.

तेव्हा समितीत किमतीची चर्चा होण्याआधी दोन गोष्टी विचार. यंत्राचा वेग वाढवण्याचा अधिकार कोणाकडे राहील आणि त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या कामगाराला ते थांबवता येईल का? शिवाय, ज्यांचे काम जाणार आहे त्यांना देखभालीचे प्रशिक्षण यंत्र येण्यापूर्वी द्यायचे की नंतर, हेही लेखी ठरवून घे; तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस. बैठकीत काय ठरते ते सविस्तर कळव.

तुझा स्नेहांकित मित्र