‘भांग’ म्हणजे काय, हे विचारणाऱ्या दादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, कारण “माझं नाव कुठे टाकू नको” म्हणून तुम्ही बजावलंत. आधी ज्यांनी गाण्याखालून माझं नाव गाळलं त्यांना मात्र स्वतःचं तीन ठिकाणी हवं होतं!

काल शेजारच्या हळदीत आपलं गाणं वाजलं, मी लिहिलेलं आणि तुम्ही रेकॉर्ड केलेलं. डीजेवाल्याने नेहमीसारखे कान फोडले होते. आणि भांगाच्या ओळीला ठेका थांबला. मांडवात बसलेल्या चार म्हाताऱ्या एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. त्यांना बरोबर कळलं होतं. मी हातातलं ताट तसंच ठेवलं आणि मागच्या पडवीत जाऊन रडून घेतलं. म्हणून आजच लिहिते, उद्या लाज वाटेल.

ती ओळ घेऊन मी आधी दुसऱ्या स्टुडिओत गेले होते, हे तुम्हाला सांगितलं नव्हतं. “दर्याला लागला भांग गो, कुंकवानं भरला भांग गो.” तिथले साहेब खूश झाले. “भांग? मस्त! होळीला सोडू.” पुढच्या कडव्यात पिचकारी घातली, पेला घातला. मी काही सांगायला गेले तर म्हणाले, “शब्द कोण ऐकतं ताई? पब्लिकला नाचायचंय.” गाणं आलं तेव्हा खाली छापलं होतं, ‘गीत : पारंपरिक’. अहो, मी २९ वर्षांची आहे! २०१२ साली कॉपीराइटचा कायदा बदलून गीतकाराच्या रॉयल्टीचा हक्क पक्का केला, पण पारंपरिक बाईने तो मागायचा कुणाकडे? त्याच्याही आधी एका काव्यवाचनात तीच ओळ वाचली, तर अध्यक्षांनी “हे बेंजोवाल्यांना द्या” म्हणून कागद परत केला. म्हणजे कवींना मी बेंजोवाली आणि बेंजोवाल्यांना मी कुणीच नाही.

मग मुरूडहून एसटीने अलिबागला तुमच्याकडे आले. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवलेली ती खोली बघून वाटलं, इथेही तेच होणार. तुम्ही चाल ऐकलीत, बोटाने टेबलावर ठेका धरलात आणि मध्येच थांबून विचारलंत, “हा पहिला भांग कुठला?”

दादा, एवढंच. मला आजवर कुणी शब्दाचा अर्थ विचारला नव्हता.

मी सांगत सुटले. सप्तमी-अष्टमीला दर्याची ओढ कमी होते, तो भांग. डोल म्हणजे दर्यात बांधलेली जाळ्याची लांब पिशवी, ती ओढीवरच भरते. ओढ नाही तर मासळी नाही, मग होडी किनाऱ्याला आणि नवरा घरात. बायकोने केसांत भांग पाडून कुंकू भरायचे तेच दिवस. तुम्ही हसलात, मग गप्प झालात. कॉम्प्युटरवर ढोल, बेंजो सगळं त्या एका ओळीपुरतं बंद केलंत आणि म्हणालात, “इथे फक्त शब्द जाऊ दे.” नाचणारे थांबतील, अशी भीती मलाच वाटली. तुम्हाला नाही वाटली.

‘मी डोलकर’ आमच्याकडे प्रत्येक हळदीत वाजतं. डोलकर म्हणजे डोल लावणारा, पण शहरातले लोक डोलणारा समजतात, आणि गाणं दोन्ही अर्थांनी डोलतं. कित्येकांना ते कोळ्यांचं पिढीजात गाणं वाटतं. शब्द शान्ता शेळके यांचे, जन्म इंदापूरचा, म्हणजे दर्यापासून किती लांब! त्यांनीही कुणाला तरी बसून विचारलंच असणार, असं मला आपलं वाटतं. नाचायच्या गाण्यात असं काही सापडतं ते विचारणाऱ्यालाच. आणि विचारायला मोठा स्टुडिओ लागत नाही, समोरच्या माणसाला माणूस समजावं लागतं. असो, फार झालं. सासूबाई म्हणतात, मी भाषण करायला लागले की भात लागतो.

गाण्याखाली माझं नाव आलंय, ते सासऱ्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

वहिनींना घेऊन जेवायला या. पण तिथी बघून या. उधाणाला आलात तर ताजी मासळी, भांगाला आलात तर सुकटीवर भागवावं लागेल. मात्र भांगाला आमचे हे घरी असतात, त्यांनाही तुम्हाला भेटायचंय.

तुमची,
मुरूडची ‘पारंपरिक’ बहीण