मोडी रुमाल स्कॅन होण्याआधी : महसूल मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय महसूल मंत्री, कर्नाटक सरकार

महोदय,

तहसीलदार कचेऱ्यांतले जुने कागद स्कॅन करण्याचं काम आपल्या खात्याने हाती घेतलं, ते बरंच झालं. वाळवीवर आणि कागद 'गहाळ' करणाऱ्यांवर दुसरा इलाज नाही. पण बेळगाव, खानापूर, निपाणी भागातले पुष्कळ जुने कागद मोडीत, म्हणजे मराठीच्या जुन्या धावत्या लिपीत आहेत. मोडी न येणाऱ्याने त्यांची सूची केली, तर चित्र जपलं जाईल, पण कोणत्या गावचं, कोणत्या सालचं ते कळणार नाही. मग ते असून नसल्यासारखंच. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. हे पत्र त्याविषयी नाही. हे फक्त कागदांविषयी आहे.

इथल्या माणसाला सरकार भेटलं ते मुख्यतः दप्तरातून. पेशवाईत गावचं दप्तर कुलकर्ण्याच्या घरात असायचं. वतन त्याचं, लेखणीही त्याची. १८१८ मध्ये बेळगावचा किल्ला इंग्रजांकडे गेला, १८३६ मध्ये धारवाडपासून तोडून बेळगाव जिल्हा वेगळा झाला, आणि पुढे विंगेट या इंग्रज अधिकाऱ्याच्या पद्धतीने मोजणी आली. साखळी ३३ फुटांची, तिचे भाग १६ आणे. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे गुंठा, १,०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. या साखळीने जमीन मोजली गेलीच, शिवाय खातेदार नावाचा माणूसही घडला. नाव कागदावर ज्याचं, सारा त्याच्यावर आणि विकण्या-गहाणाचा हक्कही त्याचा. १८५२ च्या कायद्याने इनाम जमिनींचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनने सनदा मागितल्या. ज्याला दाखवता आली नाही त्याचं इनाम धोक्यात. ती धग आणि नाकारलेलं दत्तक, दोन्ही नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांच्या बंडामागे होती. त्यांना १८५८ मध्ये फाशी दिली ती बेळगावातच.

आता दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट. त्या शतकात धारवाडकडच्या कानडी मुलखात सरकारी कारभार आणि शाळा बऱ्याच अंशी मराठीत चालायच्या. आपल्या शेताचा कागद कानडी शेतकऱ्याला दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागे. शिक्षण खात्यातले अधिकारी डेप्युटी चन्नबसप्पा यांनी कानडी शाळांसाठी जी खटपट केली, तिचं मोल म्हणूनच एवढं मोठं. १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं आणि पारडं फिरलं, इतकंच.

त्यानंतरचा मोठा फेरफार १ मार्च १९७४ चा : कुळाकडची जमीन सरकारकडे वर्ग झाली आणि नमुना ७ भरून कूळ मालक होऊ लागलं. पुढे जमीन नोंदींची 'भूमी' ही संगणक प्रणाली आली, हाताने लिहिलेली पहाणी, म्हणजे जमिनीचा उतारा, बंद झाली. त्यामुळे आज एकाच घराच्या ट्रंकेत आजोबांचा कागद मोडीत, वडिलांचा बाळबोधीत (देवनागरीत) आणि चालू उतारा कानडीत असतो.

चुका होतात त्या या सांध्यांवर. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्दांत जागा सोडत नाहीत, आधी ओळभर रेघ मारून अक्षरं तिला टांगतात. 'परशराम' जुन्या कागदात, 'परशुराम' उताऱ्यात, आधारवर तिसरंच. कानडीत 'पाटील' शेवटचा ल पाय मोडून लिहिला काय आणि न मोडता लिहिला काय, माणसाला एकच, संगणकाला दोन. वारसा लावताना हेच अडतं.

सालांचं तर विचारूच नका. 'इहिदे सितैन मया व अलफ' हे कुणा इनामदाराचं नाव नव्हे. एक, साठ, शंभर, हजार : मराठेशाहीच्या कागदांत चालणारा सुहूर सन ११६१. मृगापासून डिसेंबरअखेर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. म्हणजे जानेवारीतला कागद १७६१ चा, पानिपतच्या महिन्यातला. नुसतं '६१' वाचून सूचीत १८६१ पडलं, तर तो कागद पुन्हा सापडत नाही.

आण्यांचंही तसंच. सर्व्हे नंबर २ एकर ३० गुंठे, भाऊ तीन. ११० गुंठ्यांचे वाटे ३६ गुंठे ११ आणे, तेवढेच दुसऱ्याला आणि तिसऱ्याला ३६ गुंठे १० आणे. लिहिणाऱ्याने आणे सोडून तिघांना सदतीस-सदतीस लावले की बेरीज १११ होते, आकारबंदाशी, म्हणजे सर्व्हे नंबरच्या मूळ क्षेत्राच्या सरकारी नोंदीशी जुळत नाही आणि फोडीचा (नंबर वेगळे करण्याचा) अर्ज थांबतो. जमिनीवर कुठेच नसलेल्या त्या एका गुंठ्यापायी भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत.

म्हणून मागणी अशी. स्कॅनच्या आधी रुमाल, म्हणजे फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, गाववार लावावेत. काजळीची शाई ओल्या फडक्याने उतरते, तेव्हा धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झाडावी. चिकटपट्टी अजिबात नको. ती पिवळी पडते आणि अक्षर घेऊन निघते. स्कॅन रंगीत, ३०० डीपीआय, दोन्ही बाजूंचा. कागद कोरा वाटला तरी मागे शेरा किंवा मोर्तब असतं. मोडी वाचणारा एक, बाळबोधीत टंकणारा दुसरा, कानडीत नाव उतरवणारा तिसरा, आणि संशयास्पद अक्षराला प्रश्नचिन्हाचा वेगळा रकाना. अंदाजाने भरलेलं नाव रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट, कारण त्यावर पुढे कोर्टात भांडणं होतात.

आणि उताऱ्यावर कानडी नावाखाली तेच नाव देवनागरीत छापावं. कानडी काढा असं आम्ही म्हणत नाही. ज्या भागात एखाद्या भाषेचे लोक १५ टक्के आहेत तिथे महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही द्याव्यात, हे १९६१ च्या मुख्यमंत्री परिषदेत ठरलेलं आहे. नावाची एक ओळ त्याहून कितीतरी कमी आहे.

सुरुवात खानापूर तालुक्यातल्या एकाच गावापासून करावी, चुका तिथेच कळतील. या पत्राचं उत्तर कानडीत आलं तरी हरकत नाही. आम्हाला वाचता येतं.

आपले,
बेळगाव-खानापूर भागातले मोडी वाचक आणि दस्तलेखक