नातीच्या शाळेचं नाव

प्रिय आई-बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर बाबा विचारत होते ना, ही सिल्विया मेंडेझ कोण, शाळेला तिचं नाव का, आणि तेवढ्यात तुमच्या नातीने फोन ओढून घेतला आणि विषय राहूनच गेला, म्हणून आता निवांत लिहितेय.

बर्कलीतल्या या शाळेचं नाव २०१८ पर्यंत लकाँट होतं. जोसेफ लकाँट इथल्या युनिव्हर्सिटीतला मोठा जिऑलॉजिस्ट, पण मूळचा जॉर्जियाचा, घरचे मळे, राबायला गुलाम, आणि काळे लोक आपल्यापेक्षा खालचेच हे त्याने चक्क लिहून ठेवलंय. नाव बदललं ते योग्यच झालं असं माझं ठाम मत.

आता सिल्विया. दुसरं महायुद्ध चालू होतं, तिचे आईवडील कॅलिफोर्नियातल्याच वेस्टमिन्स्टर गावात शेती करायचे. शेत एका जपानी कुटुंबाचं, सरकारने त्यांना छावणीत डांबलेलं म्हणून यांनी भाड्याने घेतलेलं. सिल्वियाची आत्या सगळ्या पोरांना घेऊन जवळच्या शाळेत नाव घालायला गेली तर तिच्या स्वतःच्या गोऱ्या दिसणाऱ्या, फ्रेंच वाटणाऱ्या आडनावाच्या पोरांना घेतलं, आणि सिल्विया आणि भावंडांना सांगितलं की तुम्ही मेक्सिकन मुलांच्या वेगळ्या शाळेत जा!! आत्याने आपली पोरंही तिथे घातली नाहीत, सगळ्यांना घेऊन परत आली. ती मेक्सिकन शाळा म्हणजे लाकडी खोल्या, शेजारी गायींचं कुरण, विजेच्या तारेचं कुंपण, आणि डबा खाताना माश्याच माश्या. बाबा, मला तर आंबेडकरांचं ते वर्गात बसायला घरून नेलेलं गोणपाटच आठवलं.

वडील गोन्झालो गप्प बसले नाहीत. अजून चार कुटुंबं जोडली आणि १९४५ मध्ये चार स्कूल डिस्ट्रिक्टवर, म्हणजे त्या त्या भागातल्या शाळा चालवणाऱ्या मंडळांवर, केस टाकली. ते कोर्टाच्या मागे असताना शेताचं सगळं आई फेलिसितास बघायची. कोर्टात शाळांचे अधिकारी उभे राहून सांगत होते की ही मुलं अस्वच्छ असतात, वाचताना मला संतापच आला. १९४६ ला निकाल यांच्या बाजूने लागला, ४७ ला अपिलातही टिकला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियाने मुलांना वेगळं बसवायचे कायदेच काढून टाकले. काळ्या-गोऱ्या मुलांच्या वेगळ्या शाळा बेकायदा ठरवणारा देशभरासाठीचा तो ब्राऊन केसचा निकाल १९५४ चा, म्हणजे हे त्याच्या सात वर्षं आधी!

सिल्वियाला तेव्हा यातलं काही कळत नव्हतं, आठ-नऊ वर्षांची पोर, तिला वाटायचं केस त्या शाळेच्या छान मैदानासाठी चाललीये. पुढे ती नर्स झाली, आणि आई म्हातारपणी म्हणाली की आपण काय केलं ते कुणालाच माहीत नाही, तू सांग, तेव्हापासून ती शाळाशाळांत जाऊन सांगत राहिली. २०११ मध्ये ओबामांनी तिला प्रेसिडेन्शिअल मेडल ऑफ फ्रीडम, म्हणजे इथला नागरिकांसाठीचा सर्वोच्च सन्मान, दिलं.

गोन्झालो मात्र १९६४ लाच गेले, त्यांना यातलं काहीच बघायला मिळालं नाही याचं मला फार वाईट वाटतं. सांता आनामध्ये त्या दोघा नवराबायकोच्या नावाची शाळा आहे, तुम्ही इकडे आलात की आपण तिथे नक्की जाऊ. आई, गुडघ्याचं औषध चालू ठेव, आणि बाबा, रविवारी हीच गोष्ट नातीला तुम्ही तुमच्या पद्धतीने सांगा, ती माझ्यापेक्षा तुमचं जास्त ऐकते.

तुमची लेक