दादाचं नाव का लिहिलं

ती. आई-बाबांना सा. न.

परवा मृत्युपत्राचा विषय काढला आणि बाबा, "मग आम्ही काय मेलो का?" एवढं बोलून तुम्ही फोन आईकडे दिलात. ते डोक्यातून जात नाहीये. बोलताना माझं गाडं अडतं, म्हणून लिहितेय.

आम्ही दोघंही एकदमच गेलो तर मुलांना कोण सांभाळणार, एवढाच प्रश्न होता. (आई, अभद्र बोलते म्हणून रागावू नकोस.) धाकटा आज ३ वर्षांचा आहे. तो १८ चा होईल तेव्हा बाबा ८९ चे असतील. पालक म्हणून दादाचं नाव लिहिलं ते या वजाबाकीमुळे, तुमच्यात काही कमी आहे म्हणून नाही. त्याला आणि वहिनीला आधी विचारलं. वहिनीने दोन दिवस मागून घेतले, मग हो म्हणाली. लगेच हो म्हणाली असती तर मलाच धाकधूक वाटली असती.

पण दादा परदेशात, आणि खरी गुंतागुंत तिथेच आहे. मृत्युपत्रात नाव लिहिलं तरी ती आपली इच्छा. शेवटचा शब्द बहुतेक ठिकाणी कोर्टाचाच. बरं, पालकत्व मिळालं म्हणजे मुलांना व्हिसा मिळाला असंही नाही, तो अर्ज वेगळाच. दोन्ही देश १९९६ च्या हेग बालसंरक्षण करारात असले तर इथलं पालकत्व तिथे मानलं जाणं सोपं जातं. नसले तर तिथल्या कोर्टाचीही पायरी चढावी लागू शकते. दादा त्याच रात्री विमानात बसला, तरी मुलं त्याच्या घरी पोचायला महिने जातील.

ते महिने तुमचे. तात्पुरते पालक म्हणून तुम्हा दोघांची नावं घातली आहेत. मुलांना दवाखान्यात न्यायचं, शाळेच्या कागदांवर सही करायची, तर अधिकार कोणाकडे तरी हवा. नाहीतर मुलं कोणाकडे राहणार हे परकी माणसं ठरवत बसतील.

आता पैसे. विम्याची रक्कम अल्पवयीन मुलांच्या हातात कोणी देत नाही, म्हणून ती ट्रस्टमध्ये जाईल. विश्वस्त दादा नाही, माझी मैत्रीण आहे. "सख्ख्या भावावर विश्वास नाही?" हा आईचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय. विश्वास आहे गं. पण विश्वस्त परदेशात राहणारा असेल तर काही देश ट्रस्टवर आपला कर लावतात. शिवाय उद्या कोणी दादाकडे बोट दाखवायला नको. मुलांसाठी त्याला मोठं घर घ्यावं लागलं तर वाढीव भाडं ट्रस्टमधून जाईल, आणि दरवर्षी मुलांनी तुम्हाला भेटायला येण्याची तिकिटंही. तसं लिहूनच ठेवलंय. उरलेली रक्कम मुलांना २५ व्या वर्षी मिळेल. अठराव्या वर्षी मी पैशाचं काय केलं असतं ते बाबांना विचारा.

तुम्हाला साक्षीदार केलं नाही त्याचं वाईट वाटून घेऊ नका. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार असू नये.

मूळ प्रत वकिलांकडे आहे. मुलांचे पासपोर्ट आणि जन्माचे दाखले निळ्या फाइलमध्ये, ती तुमच्याकडे आणून ठेवते.

आई, एक काम तुझं. दादासाठी मुलांबद्दल एक वही लिहितेय: कशाला घाबरतात, कुठलं औषध चालत नाही, रुसली की काय करायचं. मोठीचा रुसवा कसा काढायचा ते पान मी कोरं सोडलंय. ते तुलाच जमतं.

तुमची,
ताई